सात नंबरचा पाना

भालेराव सरांना नीट टेकून बसलेलं मी चार वर्षांत दोनदाच पाहिलं. एकदा दाताच्या डॉक्टरकडे, कारण तिथे उभं राहायची सोय नसते. गाल सुजला होता म्हणून ऑफिसातून मीच त्यांना घेऊन गेले होते. दुसऱ्यांदा फरीदाबादला, कालव्यापलीकडच्या मातीच्या ट्रॅकवर, एका लाकडी पायरीवर. त्या दुसऱ्या बसण्याला कारण मी होते. ते आठवलं की अजून माझी मलाच चीड येते.

एरवी हा माणूस उभा. मीटिंगमध्ये खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहायचे आणि बोलता बोलता त्याच खुर्चीचे स्क्रू बोटांनी चाचपायचे. चहा अर्धा पिऊन कप कुठेतरी ठेवायचे, मग सगळ्या मजल्यावर तो कप शोधत फिरायचे. मेट्रोत उतरायचं स्टेशन दोन स्टेशनं लांब असतानाच दाराशी जाऊन उभे. मध्यंतरानंतरचा सिनेमा त्यांनी कधी पाहिल्याचं त्यांच्या बायकोला, रूथकाकूंना, आठवत नव्हतं. रविवारी चर्चमध्ये शेवटचं गीत सुरू व्हायच्या आत सर बाहेर येऊन स्कूटरशी थांबलेले असत. काकू सांगायच्या, “लग्नात पाळक आशीर्वाद देत होते आणि हे माझ्या कानात कुजबुजले, ‘झालं ना आता?’”

पूर्ण नाव शमुवेल भालेराव. मूळचे नगरचे, वडील तिथे शाळेत गणित शिकवायचे. तरुणपणी दिल्लीला आले ते मुनिरकात एका खोलीत चौघे राहायचे. तिथून मयूर विहार, नोएडा, पालम, द्वारका करत करत गुडगावला पोचले. तीस वर्षांत नऊ घरं. दर वेळी काहीतरी खुपायचं: पाण्याचा दाब, जिन्याचा कठडा, नाहीतर वरच्या मजल्यावरचा पंखा. काकूंनी तीन खोकी कायमची बांधूनच ठेवली होती. “उघडून काय करू? पुन्हा बांधायचीच आहेत,” म्हणायच्या. दिल्लीतल्या लोकांच्या तोंडात भालेराव काही बसलं नाही, त्यांनी त्यांचे राव साब करून टाकले. सरांची हरकत नव्हती. हरकत घ्यायला एका जागी थांबावं लागतं.

आमची कंपनी मानेसरला मोटारींचे गिअरबॉक्स बनवते. देशभरातून तुटलेले गिअरबॉक्स परत येतात. ते उघडून का तुटले हे लिहायचं काम सरांचं. मी त्याच मजल्यावर मेकॅनिकांसाठी मॅन्युअलं लिहिते: आधी हा बोल्ट काढा, मग तो, बसवताना इतकंच आवळा, त्यापुढे नाही. नाशिकहून आलेली मी मजल्यावरची दुसरी मराठी. पहिल्याच दिवशी ते माझ्या टेबलाशी आले, माझं एक पान उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाले, “छान लिहितेस. फक्त कोणी वाचत नाही. वाचायला लागले तर माझी नोकरी जाईल.” त्या दिवसापासून मी मॅन्युअलबाई.

मग त्यांनी उजव्या हाताचा अंगठा माझ्यासमोर धरला. अंगठ्याच्या टोकावर जाड घट्टा होता आणि त्यावर बारीक बारीक रेघा, एका अंतरावर, आखल्यासारख्या. “हे गिअरचे दात आहेत,” ते म्हणाले. “ऑफिसातल्या गिअरचे नाहीत. रविवारच्या.”

रविवारी ते रिमोटवरच्या गाड्या पळवायचे. ही मुलांची खेळणी नव्हेत, हे मला तिसऱ्या रविवारी पटलं. हातभर लांब गाडी, टायरांना मातीत रुतणारे रबरी खिळे, उंचवटे आणि उड्यांचा ट्रॅक. ड्रायव्हर सगळे एका लाकडी मचाणावर रांगेने उभे राहतात आणि हातातल्या रिमोटवर गाड्या हाकतात. मोटर भलतीच जोरकस. गाडी उडी मारते तेव्हा चाकं हवेत गरगर फिरत असतात, आणि खाली येताना एकदम मातीला भिडली की सगळा हिसका आतल्या गिअरवर जातो. तो जिरवायला मध्ये स्लिपर क्लच असतो. बिस्किटाएवढं प्लास्टिकचं दातेरी चक्र, त्याला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चकत्या, चकत्या दाबणारी स्प्रिंग आणि स्प्रिंगवर एक नट. नट आवळला की पकड घट्ट, सैल केला की चकत्या जराशा घसरतात. कोरड्या धुळीत थोडा सैल हवा, ओलसर, पकड देणाऱ्या मातीत थोडा घट्ट. फार आवळला तर दात तुटतात. फार सैल राहिला तर घसरून घसरून चकत्या तापतात आणि चक्र वितळतं. सगळा खेळ त्या नटाच्या एका फेऱ्याच्या आठव्या भागाचा, आणि नट फिरवायला सात नंबरचा पाना, टी आकाराचा, बोटाएवढा.

ही विद्या सरांइतकी उत्तर भारतात कोणाला येत नसेल, असं तिथले लोक म्हणायचे. कोणतीही गाडी हातात आली की डाव्या हाताने मागची दोन्ही चाकं घट्ट धरायची, उजव्या अंगठ्याने चक्र ढकलायचं, आणि डोळे मिटायचे. “सैल आहे,” किंवा “मेलास तू.” मग गाडी जमिनीवर ठेवून रिमोट एकदम दाबायला सांगायचे आणि वाकून कान लावायचे. निघताना हातभर अंतर चिर्र असा आवाज यायला हवा, मग तो थांबून गाडी सुटायला हवी. “आधी थोडं सुटू दे, मग धरू दे,” हे ते मराठीत म्हणायचे आणि समोरचा जाट असो की पंजाबी, मान डोलवायचा.

त्यातला मुख्य ग्रोव्हर. बल्लभगडला त्याचं बाथरूमच्या नळांचं दुकान, पोट सुटलेलं, हातात कडं, तोंडात सतत इलायची. तीन वर्षांपूर्वी त्याची गाडी दर रविवारी दोन चक्रं तोडायची. सरांनी त्याला एका दुपारी नट फिरवायला शिकवलं, आणि त्या हिवाळ्यापासून फायनलला पहिल्या तिघांत ग्रोव्हर असायचाच. तो सरांच्या पाया पडायचा, सर पाय मागे घ्यायचे.

आणि सर स्वतः? सरांनी अकरा वर्षांत एकही फायनल पूर्ण केली नव्हती.

पात्र ते दर वेळी व्हायचे. सकाळच्या फेऱ्यांमध्ये त्यांची गाडी गुणी मुलीसारखी पळायची, कारण सकाळी घाईत नटाला हात लावायला सवड नसायची. फायनलच्या आधी अर्धा तास मोकळा मिळायचा, आणि तो अर्धा तास त्यांना सहन व्हायचा नाही. टेबलाभोवती फेऱ्या. गाडी उचल, अंगठा लाव, ठेव. पुन्हा उचल. मग खिशातून पाना बाहेर, आणि “जरासाच” म्हणत आठवा भाग आवळ. पाच मिनिटांनी आणखी आठवा. दर वेळी कारण असायचं. वारा फिरलाय. टायर नवे आहेत. ऊन कललंय. कारणं अशी बिनतोड की इंजिनियर माणूस गप्प व्हावा. मग फायनल सुरू व्हायची, सर दुसरे-तिसरे असायचे, आणि चौथ्या-पाचव्या फेरीत मोठ्या उडीनंतर कर्र असा आवाज यायचा. गाडी तिथेच. मचाणावर शेजारून ग्रोव्हर हळूच म्हणायचा, “राव साब, फिर?”

घरीही तेच. भालेरावांच्या घरी नळ बंद केलेला असला तर उघडायला दोन माणसं लागायची. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला काकू शेजारच्या सिंधी गृहस्थांकडे जायच्या. कुकरचं हँडल त्यांनी एकदा आवळून दिलं ते तुटूनच निघालं. “यांना गच्च म्हणजे मजबूत वाटतं,” काकू मला म्हणाल्या होत्या. “ऑफिसात लोकांना उलटं शिकवतात. घरी आले की विसरतात.”

मला त्यांच्या रिपोर्टांतलं एक वाक्य पाठ होतं. एका ट्रकच्या गिअरबॉक्सचे बोल्ट कुणीतरी इतके आवळले होते की कव्हरलाच चीर गेली होती. कारण या रकान्यात सरांनी लिहिलं होतं: ‘आवळणाऱ्याला काम पुरं झाल्याचा विश्वास वाटला नाही.’ साहेबांनी ते खोडायला लावलं. मी त्यांना म्हटलं, “सर, हे तर तुमचंच वर्णन आहे.” ते म्हणाले, “म्हणून तर बरोबर कळलं.”

पानिपतची गोष्ट सांगितल्याशिवाय त्यांची खोड कळायची नाही. एका मे महिन्यात त्यांच्या मनात आलं की बाजारातल्या चकत्यांचा दर्जा बरा नाही, आपण घरी बनवू. त्यासाठी दाबलेली लोकर हवी, आणि ती पानिपतला मिळणार. भर उन्हात आम्ही तिघं, सर, ग्रोव्हर आणि मी, ग्रोव्हरच्या गाडीतून निघालो. सर मागच्या सीटवर होते, पण पुढच्या दोन सीटांच्या मधून डोकं काढून अर्धे उभेच. पानिपतला त्यांनी सतरा दुकानं पाहिली. गालिचेवाले, ब्लँकेटवाले, सगळ्यांच्या मालावर अंगठा दाबून पाहायचे. एका दुकानदाराने विचारलं, “कितने कंबल चाहिए?” सर म्हणाले, “अठन्नी जितने दो टुकड़े.” त्याने आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. शेवटी एका कारखान्याच्या मागच्या ढिगातून पिशवीभर कातरण फुकट मिळालं. सरांनी रात्रीत चोवीस चकत्या कापल्या. रविवारी गाडी दोन फेऱ्या झोकात पळाली, आणि मग तिच्यातून जळक्या घोंगडीचा वास यायला लागला. धूर दिसला तेव्हा ट्रॅकचा मालक चौधरी बादली घेऊन धावला. आमचं पानिपत झालं ते असं. परत येताना सर अजिबात खट्टू नव्हते. त्यांचं आधीच पुढचं सुरू झालं होतं: लोकर नाही, बुचाचं लाकूड.

मी एकदा विचारलं होतं, की सर, ज्याला फायनल पूर्ण करता येत नाही त्याने दर रविवारी इतक्या लांब यावंच कशाला? ते त्या वेळी मार्शल होते. या खेळात एक रिवाज आहे: आपली शर्यत संपली की निघून जायचं नाही. पुढच्या शर्यतीला ट्रॅकच्या एकेका वळणावर उभं राहायचं आणि दुसऱ्यांच्या उलटलेल्या गाड्या धावत जाऊन सरळ करायच्या. तुमची तुटली असली, तुम्ही रागावला असलात तरी उभं राहायचंच. सर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, ट्रॅकवरची नजर न काढता म्हणाले, “बावीस वर्षं तुटलेलीच यंत्रं बघतोय. जी चांगली चालतात ती कोणी माझ्याकडे पाठवत नाही. माझ्या हातची एक गोष्ट शेवटपर्यंत गेलेली बघायची आहे, यार. पहिला नंबर नको. नुसती शेवटची रेघ.”

हे ते गमतीत म्हणाले नव्हते.

गेल्या हिवाळ्यात ठरलं की ते दिल्ली सोडणार. कंपनीने मुदतीआधी निवृत्ती देऊ केली होती, काकूंना नगरला आईजवळ राहायचं होतं. नगरला असला ट्रॅक नाही, सबंध जिल्ह्यात नाही. बुधवारची ट्रेन होती आणि त्याआधीचा रविवार हा शेवटचा. त्या आठवड्यात सर मजल्यावर इतके फिरले की वॉचमनने मला विचारलं, “राव साब ठीक तो हैं?”

शुक्रवारी, ऑफिसातल्या शेवटच्या दिवशी, ते माझ्या टेबलाशी आले. खिशातून तो सात नंबरचा पाना काढला आणि माझ्या कीबोर्डवर ठेवला.

“हा ठेव. फायनल संपेपर्यंत मला द्यायचा नाही. मी मागणार. तू द्यायचा नाहीस.”

“सर, तुम्ही पटवून देता.”

“म्हणून तर तुझ्याकडे देतोय. तू लिहिलंय तसं करणारी बाई आहेस.”

मला ते कौतुक वाटलं. मी लगेच एका कागदावर नियम टाइप केले, अगदी मॅन्युअलच्या पद्धतीने, आकडे घालून. पहिला नियम, फायनल संपेपर्यंत पाना माझ्याकडे राहील. दुसरा, मागितल्यास देऊ नये. तिसरा, कारण सांगितल्यास शांतपणे ऐकून घ्यावे, देऊ नये. चौथा, कारण पटल्यासदेखील देऊ नये. सरांनी उभ्या उभ्या वाचलं आणि मोठ्याने हसले. “चौथं कलम भारी आहे,” म्हणाले आणि खाली सही केली. तो कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला. माझ्या नोकरीत मी इतकं चोख काही लिहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी धुकं होतं. दहानंतर ऊन आलं आणि अकरापर्यंत ट्रॅकची पिठी झाली. गाडी गेली की मागे धुळीचा लोट. सरांनी नट धुळीला साजेसा सैल लावला होता, लोकांना शिकवतात तसा. पात्रता फेरीत ते दुसरे आले. गाडी टेबलावर ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी जॅकेटच्या खिशावर थाप मारून दाखवली. काकूही आल्या होत्या, अकरा वर्षांत पहिल्यांदाच. त्या वेताच्या मोढ्यावर बसून संत्रं सोलत होत्या, म्हणाल्या, “आज बघतेच शेवटची रेघ कशी असते ती.”

दीडच्या सुमारास शेजारच्या सोसायटीतून चौधरीला फोन आला की धूळ आमच्या गॅलऱ्यांत येतेय, हवा आधीच इतकी वाईट, बंद करा नाहीतर तक्रार करतो. चौधरीने बंद केलं नाही, टँकर बोलावला. टँकरने सगळा ट्रॅक भिजवला. पिठी दबली, माती काळी, घट्ट झाली. फायनलला वीस मिनिटं होती.

सर ट्रॅकवर गेले, बुटाच्या टाचेने माती दाबून पाहिली आणि परत आले. आज ते फेऱ्या मारत नव्हते, सरळ माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

“पाना दे.”

“नाही सर.”

“अगं, पाणी मारलंय. आता पकड येणार. सैल क्लच घसरत राहील, जळेल. आठवा भाग आवळायलाच हवा.”

मी शांतपणे ऐकून घेतलं. तिसरं कलम. मग म्हटलं, “दर वेळी काहीतरी असतंच ना सर? मागे वारा होता.”

“मागे मी मूर्ख होतो. या वेळी खरंच आहे.”

“तुम्हीच सही केली आहे.”

“मॅन्युअलबाई, प्लीज.”

हे प्लीज त्यांनी कोणाला म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. माझा हात खिशात गेला, पाना मुठीत आला, आणि तिथेच राहिला. मला त्यांचं पटत होतं. म्हणजे चौथं कलम याच क्षणासाठी लिहिलं होतं, असं मला वाटलं, आणि मी मान हलवली. काकू म्हणाल्या, “देऊ नकोस हं. मी ओळखते यांना.”

पलीकडच्या टेबलावर ग्रोव्हर गाडी उपडी करून काहीतरी करत होता. त्याचं झालं, तो रिमोट घेऊन मचाणाकडे गेला. त्याचा पाना टेबलावर तसाच पडून होता, सरांच्या हातापासून वीतभर. सरांनी त्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि म्हणाले, “चलो.”

फायनल सात मिनिटांची असते. सर दुसऱ्या जागेवरून निघाले, तिसऱ्या फेरीत मोठ्या उडीवर ग्रोव्हरच्या वरून गेले आणि पहिले झाले. गाडी उडीवरून खाली आली तरी कर्र झालं नाही. लोक ओरडत होते. काकू संत्रं हातात तसंच धरून उभ्या राहिल्या होत्या. मला वाटलं, माझ्यामुळे. अगदी हेच वाटलं, आणि मी मनातल्या मनात तो कागद फ्रेम करून टाकला.

चौथ्या मिनिटाला आवाज बदलला. वळणातून निघताना हातभर चिर्र यायचं ते दोन हात यायला लागलं. मग पाच. मग सरळ रस्ताभर नुसती चिरचिर, आणि गाडी पुढे जायची तेवढी जाईना. ग्रोव्हर पुढे गेला, मग आणखी दोघे. सर मचाणावर रिमोट हळूहळू दाबत होते, उतू जाणारं दूध सांभाळावं तसे. प्लास्टिक जळल्याचा वास टेबलापर्यंत आला. सात मिनिटं पुरी होत आली असताना मोटर किंचाळत राहिली आणि चाकं थांबली. नेहमीची तुटायची जागा नव्हती ती, उडीपासून लांब, सपाटीवर, शेवटच्या रेघेपासून वीस पावलांवर.

सर मचाणावरून उतरले आणि तिसऱ्या पायरीवर बसले. पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून बसले. पाय हलत नव्हता, बोटं हलत नव्हती. त्यांना असं पाहून मला भीती वाटली.

मी गाडी उचलून आणली. झाकण काढलं तर चक्र मध्यभागी वितळून चकत्यांना चिकटलं होतं. त्यांच्या शेजारी बसवेना, म्हणून मी खालच्या पायरीशी उभी राहिले.

“सर, तुमचं बरोबर होतं.”

“हो.”

“ग्रोव्हरचा पाना तिथेच होता.”

“दिसला होता.”

“मग घेतला का नाही?”

त्यांनी अंगठा त्या वितळलेल्या चक्राला लावला, चटका बसला तसा काढून घेतला. “घेणारच होतो. मग वाटलं, तू एवढे नंबर घालून लिहिलंयस, मी सही केली आहे. एक तरी गोष्ट लिहिल्याप्रमाणे शेवटपर्यंत करून बघू.”

“आणि?”

“जळली.” ते हसले.

मला तिथेच रडू आलं. काकू आल्या, त्यांनी अर्धं संत्रं सरांना दिलं, अर्धं मला. सर म्हणाले, “रडतेस काय? रिपोर्ट लिही. कारण: पाना उपलब्ध नव्हता.” त्यावर मला जास्तच रडू आलं, कारण ते अगदी बिनचूक कारण होतं आणि त्यात माझं नाव नव्हतं. माझ्या सगळ्या लिहिलेल्या पानांमध्ये असं एकही कलम नाही की समोरचा माणूस आज खरं बोलतोय का ते बघा.

लाउडस्पीकरवर चौधरीने मार्शलांना बोलावलं. नवशिक्यांची शर्यत होती, फायनलवाल्यांनी वळणांवर उभं राहायचं होतं. सर उठले. मी पाना पुढे केला.

“आता काय करू?” ते म्हणाले. “ठेव तुझ्याकडे.”

बुधवारी ऑफिसात ऑडिट होतं, मला स्टेशनवर जाता आलं नाही. तेव्हा माझ्यासाठी त्यांचं शेवटचं दिसणं ते त्या वळणावरचं, मार्शलचं नारिंगी जाकीट घातलेलं. लगेच एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायला लागले होते. मला बरं वाटलं.

दुसऱ्याच फेरीत एक पिवळी गाडी त्यांच्यासमोर उलटली. ते धावले, उचलली. मार्शलने गाडी सरळ करून लगेच सोडायची असते, पण हात सवयीने मागच्या चाकांवर गेला, अंगठा चक्रावर, आणि क्षणभर डोळे मिटले. मग गाडी खाली ठेवून त्यांनी मचाणाकडे पाहिलं आणि दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडले, “पीली गाड़ी! ढीला है, जल जाएगा! बाहर निकालो!”

पिवळ्या गाडीवाली कॉलेजातली एक मुलगी होती. ती गाडी घेऊन धावत आमच्या टेबलाशी आली. “मैडम, सात नंबर है किसी के पास?”

मी खिशातून पाना काढला. दुपारभर मुठीत धरून तो गरम झाला होता. तिला दिला.

तिने नटावर लावला आणि मान वर करून पलीकडे पाहिलं. सर ट्रॅकच्या त्या बाजूला हात उंच धरून उभे होते. दोन बोटं त्यांनी हवेत किंचित फिरवून दाखवली, इतकंच. तिने फिरवलं. मग आणखी थोडं फिरवायला तिचा हात वळला, तसे ते तिकडून ओरडले, “बस, बेटा. हो गया. अब छोड़ दो.”